डिस्कवरचे ते दोन स्क्रू

होंडाचे पुढचे ब्रेक डिस्क घरी बदलायचे म्हणजे फार मोठं काम नाही, मधे ते दोन स्क्रू नसते तर. कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबून डिस्क धरणाऱ्या भागाचे, बोल्ट मोठे असतात, सतरा नंबरचा सॉकेट लावला, हँडलला पाईप घातला की करकर करत का होईना सुटतात. पण डिस्कला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, धरून ठेवणारे दोन छोटे चपट्या डोक्याचे स्क्रू असतात ना, सहा मिलिमीटरचे, प्लस खाचेचे, ते जुन्या गाडीवर आणि त्यातही समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या गाडीवर अख्खा रविवार खातात. माझा खाल्ला. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, थोडं लांबेल.

गाडी २००९ ची होंडा सिटी. आम्ही मांद्रेला राहतो, समुद्र दिसत नाही पण रात्री आवाज येतो एवढ्या अंतरावर. गाडीवर पत्र्याची शेड आहे, पण पत्रा पाऊस अडवतो, खारी हवा अडवत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर सगळं ओलं, आणि उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर मीठ. इथे गेटच्या बिजागऱ्या, पंपाचे नट, सायकलची चेन सगळं गंजतं, मग ब्रेकने काय घोडं मारलंय. कंपनीची यात काही चूक नाही, कुठलीही गाडी इथे ठेवा हेच होणार.

झालं असं की बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. सरळ रस्त्यावर हळू चालवताना काही नाही, पण उतारावर दाबून ब्रेक मारला की हातात थडथड. स्टिअरिंगमध्ये थरथर आली तर बहुतेक वेळा पुढचे डिस्क, सीटमध्ये किंवा पेडललाच जास्त जाणवली तर मागचं बघायचं, हा साधारण हिशोब. चाक काढून बघितलं तर डिस्कच्या कडेला नखाला अडकेल एवढी धार आलेली. डिस्कची कमीत कमी जाडी किती चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, गंज घासून वाचायला लागतं, आणि व्हर्नियरने मोजलं तर माझा त्या आकड्याच्या अगदी जवळ आलेला. लेथवर घासून घ्या असं गॅरेजवाला म्हणत होता, पण घासल्यावर उरणार काय? नवीन डिस्क आणि नवीन पॅड आणले.

आता स्क्रूंबद्दल. आधी हे समजून घ्या की ते आहेत कशाला. ब्रेकची ताकद त्यांच्यावर अजिबात नसते. फॅक्टरीत डिस्क हबवर बसवल्यावर चाक लागेपर्यंत ती हलू नये, कॅलिपर सरळ बसावा, एवढंच त्यांचं काम. एकदा चाकाचे नट आवळले की डिस्क चाक आणि हबच्या मधे दाबून बसते, मग तो स्क्रू असला काय नसला काय. होंडाच्या मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क ९.८ न्यूटन मीटर दिलाय, आणि चाकाच्या नटाचा १०८. म्हणजे हा स्क्रू मुळात मनगटाच्या जोरापेक्षा थोडासाच जास्त आवळायचा असतो. मग सुटत का नाही?

एक तर गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि आट्यांच्या मधे जागाच नसते, त्यामुळे तो स्वतःच पाचर मारून बसतो. दुसरं म्हणजे त्याचं डोकं शंकूसारखं निमुळतं आहे, ते डिस्कच्या शंकूत पूर्ण टेकून बसतं आणि तिथे गंजलं की आट्यांपेक्षा जास्त पकड त्या डोक्याचीच असते. वरून तेल मारलं तरी डोक्याने तोंड बंद केलेलं असतं, आट्यांपर्यंत जातच नाही. तिसरं, आधीच्या कुणीतरी हवेच्या गनने आवळलेला असतो. आणि चौथं, सगळ्यात वाईट, प्लसची खाच उथळ असते, जोर वाढला की बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, वर सरकतं आणि सरकताना खाचेच्या भिंती खाऊन टाकतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, ती खाच हेच तुमचं भांडवल. ती शाबूत आहे तोपर्यंत सगळे मार्ग उघडे आहेत, ती गोल झाली की ड्रिल मशीन. त्यामुळे घरातला हाताला येईल तो स्क्रूड्रायव्हर लावून "बघू तरी सुटतोय का" हा प्रयोग करायचा नाही. अजिबात नाही. घरात असतो तो बहुतेक दोन नंबरचा असतो, याला तीन नंबरचा लागतो. आणि जपानी गाड्यांची खाच जपानी मापाची असते, ती आणि आपला नेहमीचा फिलिप्स हे जुळे भाऊ आहेत, लांबून ओळखू येत नाहीत पण एकाचे कपडे दुसऱ्याला नीट बसत नाहीत. फिलिप्सच्या बिटाचं टोक थोडं लांब, जपानी खाचेत ते तळाला टेकतं आणि बाजूच्या भिंतींना पूर्ण धरत नाही. जपानी मापाचं तीन नंबरचं बिट मिळालं तर उत्तम, नाहीतर चांगल्या पोलादाचं साधं तीन नंबर घ्या आणि खाचेत घालून हलवून बघा, डुगडुगलं नाही पाहिजे.

दुसरी वस्तू, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. म्हापशाला पहिल्या दुकानात मागितला तर पोराने बॅटरीवाली मशीन काढून दाखवली, ती नाही. हा एक जाड लोखंडी दांडा असतो, आतमध्ये तिरकी खाच असते, वरून हातोडी मारली की तो बिटाला खाली दाबतो आणि त्याच क्षणी थोडासा फिरवतो. सगळी गंमत यातच आहे, कारण खाली दाब असल्यामुळे बिट वर सरकूच शकत नाही आणि धक्क्याने गंजाची पकड तुटते. जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू काढायला मेकॅनिक लोक हाच वापरायचे, त्यामुळे बाजारातल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, चकचकीत दुकानात नाही. मला मार्केटमागच्या एका दुकानात मिळाला, धूळ झटकून दिला त्यांनी.

आता काम. आधी सुरक्षिततेचं, कारण आमच्याकडे लोक बिनधास्त चिऱ्यावर गाडी ठेवतात. चिरा म्हणजे जांभा दगड, भिंतीला छान, पण गाडीखाली ठेवायचा नाही, तो न सांगता फुटतो. स्टँड घ्या. आणि अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा, पावसानंतरच्या आमच्या लाल मातीत जॅक सरळ आत जातो. चिरा मागच्या चाकांना अडण म्हणून लावा, तेवढ्याला चालतो. डोळ्यावर चष्मा. आणि ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकायची नाही, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसायची.

अजून एक, जे मला शेजारच्या काकांनी सांगितलं. काका आयुष्यभर फेरीबोटींच्या इंजिनांवर काम करून रिटायर झालेले, खाऱ्या पाण्याने धरलेले नट हा त्यांचा हातखंडा विषय. मी चाक काढून लगेच कॅलिपरला पान्हा लावायला गेलो तर कुंपणापलीकडून आवाज, "राव रे राव! (थांब रे!) स्क्रू आधी. कॅलिपर सोडलास तर हब धरणार कोण?" बरोबर आहे. कॅलिपर जागेवर असताना कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून ठेवायचा, मग डिस्क आणि हब फिरत नाही आणि सगळा जोर स्क्रूवर जातो. पुतण्याला ड्रायव्हर सीटवर बसवला, तो एका पायाने ब्रेक आणि दोन्ही हातांनी मोबाईल, पण काम झालं.

आदल्या रात्री मी स्क्रूच्या डोक्याभोवती तारेचा ब्रश मारून, खाचेतला गंज दाभणाने खरवडून डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं. खाच साफ करणं हे तेलापेक्षा जास्त महत्त्वाचं, तळाला गंजाचा चुरा राहिला तर बिट पूर्ण आत जात नाही आणि तुम्हाला वाटतं बसलंय. सकाळी काका स्वतःच आले, लुंगी वर खोचून. आधी इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात घेऊन कुठल्या बाजूला फिरतोय ते बघितलं, कारण त्यात सोडायची आणि आवळायची अशा दोन दिशा असतात, उलट लावला तर तुम्ही हातोडीने स्क्रू आणखी आवळत बसाल. ओट्यावर टेकवून दाबला की कळतं. मग साधं बिट खाचेत सरळ धरून हातोडीचे दोन-तीन ठोके नुसतेच, फिरवायचं नाही. "पयलीं मार, मागीर घुंवडाय," काका म्हणाले, म्हणजे आधी ठोक, मग फिरव. नुसत्या ठोक्याने डोक्याखालचा गंज तडकतो आणि बिट खाचेत घट्ट बसतं. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, डाव्या हाताने सोडायच्या दिशेला पीळ देऊन धरायचा आणि एक सणसणीत घाव. हातोडी किलोभराची तरी पाहिजे. छोट्या हातोडीने टुकटुक दहा वेळा मारण्यात अर्थ नाही, त्याने खाच झिजते आणि त्या मागच्या बेअरिंगला उगाच मार बसतो. थोडे पण जोराचे.

पहिला स्क्रू दुसऱ्या-तिसऱ्या घावाला "टक" करून हलला. तो आवाज वेगळा असतो, ठोक्याचा नाही, सुटल्याचा. मग साध्या स्क्रूड्रायव्हरने हाताने बाहेर. त्याच बाजूचा दुसराही आला, थोडी कुरकुर करून. मी म्हटलं झालं, दुपारी जेवायच्या आत दोन्ही बाजू संपवतो. बायको आतून म्हणाली आधी संपव मग बोल.

दुसऱ्या बाजूला एका स्क्रूची खाच आधीच गोल होती. मागच्या कुठल्यातरी कामात कुणीतरी चुकीच्या बिटाने प्रयत्न करून सोडून दिलेला, आणि बिल मात्र पूर्ण घेतलं असणार. अशा खाचेला इम्पॅक्ट ड्रायव्हरचा उपयोग अर्धाच, पण एकदा तरी बघायचं, बिट हातोडीने आत ठोकून बसवलं, घाव घातला, सरकलं. पुन्हा मारायचं नाही असं काका म्हणाले आणि छिन्नी मागितली.

छिन्नीची पद्धत अशी की स्क्रूच्या डोक्याच्या कडेजवळ, मधे नाही, कडेजवळ, धारदार छिन्नी उभी धरून आधी एक खोल खाच पाडायची. मग छिन्नी आडवी करून त्या खाचेत सोडायच्या दिशेला, म्हणजे घड्याळाच्या उलट, ठोकायचं. कडेला ठोकल्यामुळे मधल्या खाचेपेक्षा जास्त पीळ मिळतो, साधा तरफेचा हिशोब. बऱ्याच वेळा याने सुटतो. आमचा इंचभरही नाही, केसभर हलला आणि मग डोक्याचा तुकडाच निघाला.

मधे गरम करायचा विचार झाला. काकांकडे गॅसचा टॉर्च आहे. पण मी नको म्हटलं आणि तेही लगेच मान्य झाले. एक तर तिथे आदल्या दिवशीचं डब्ल्यूडी-४० होतं, ते पेटतं. दुसरं, मागे बेअरिंगचं सील आणि एबीएसचा सेन्सर, दोन्ही उष्णतेचे वैरी, आणि ते घालवून बसलो तर शंभराच्या स्क्रूसाठी हजारोंचा खर्च. आणि ज्यांनी ब्रेक क्लीनर मारलाय त्यांनी तर टॉर्च जवळ आणूच नये, क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, चेष्टा नाही. अगदीच करायचं तर सगळं पुसून सुकवून हीट गनने, तेही डिस्कच्या बाजूने, कारण भोवतीचं लोखंड फुगलं पाहिजे, स्क्रू नाही.

तर ड्रिल. इथे लोक घाबरतात पण खरं सांगायचं तर या सगळ्यात हेच सगळ्यात शांत काम आहे. डिस्क तर टाकूनच द्यायची आहे, तिला भोक मोठं पडलं तरी काय फरक पडतो. आधी सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण, गोल झालेल्या खाचेचा एक फायदा म्हणजे मध्य आपोआप मिळतो. मग तीन मिलिमीटरचं बिट, मशीन हळू, तेलाचा थेंब टाकत टाकत. मग साडेसहाचं, मग आठचं. खोल जायचं नाही, डोक्याच्या उंचीएवढंच, सहा मिलिमीटरच्या चपट्या स्क्रूचं डोकं तीन-साडेतीन मिलिमीटर खोल असतं, तेवढं गेलं की डोकं अंगठीसारखं बिटावर फिरायला लागतं आणि धड आत राहतं. तिथे थांबायचं. पुढे गेलात तर हबच्या आट्या खराब होतात आणि मग खरंच रडायची वेळ.

मशीन वेगात चालवली की स्क्रू तापून कडक होतो आणि बिट नुसतं किंचाळतं, कापत नाही, हे लक्षात ठेवा. चुरा लांब कुरळ्या तारेसारखा येत असेल तर बरोबर चाललंय, पावडर येत असेल तर थांबून बिटाला धार लावा.

डोकं गेल्यावर आता कॅलिपर सोडला, ब्रॅकेटसकट काढून तारेने स्प्रिंगला बांधला. तो होजवर लोंबकळत सोडायचा नाही, रबरी होज आतून तुटतो आणि बाहेरून दिसत नाही. डिस्क तरी निघेना, कारण मधल्या गोलात हबला गंजाने धरलेली. इथे होंडाने चांगली सोय करून ठेवलीय, डिस्कला आठ मिलिमीटरच्या आट्यांची दोन भोकं असतात, लोक ती बघतात पण कशाला ते माहीत नसतं. आठ मिलिमीटर जाडीचे, सव्वा मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) दोन बोल्ट घ्या, दोन्ही भोकांत घाला आणि आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत जा, एकच बोल्ट सरळ आवळत गेलात तर डिस्क तिरकी होऊन अजून अडकते. बोल्ट मागून हबवर टेकतात आणि डिस्कला बाहेर ढकलतात. कड् असा आवाज झाला आणि डिस्क हातात. नुसती हातोडी मारत बसणाऱ्यांनी हे करून बघा.

आणि आता खरी मजा. डिस्क निघाल्यावर स्क्रूचं धड हबमधून थोडं बाहेर आलेलं दिसतं. व्हाईस ग्रिप लावली, आणि ते हाताच्या जोराने फिरलं. एवढं ठोकून, छिन्नीने, कशानेच न हललेलं. कारण अडलेलं डोकं होतं, आट्या नव्हत्या, डोकं गेलं की ताण गेला. काका नुसते हसले आणि चहा कुठाय म्हणाले.

हब साफ करायला मी जास्त वेळ घातला, आणि हे बरेच जण वगळतात. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली तर नवीन डिस्क तिरकी बसते, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जरी डगमगली तरी काही हजार किलोमीटरनंतर तीच थडथड परत. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, स्क्रूच्या भोकांत सहा बाय एकचा टॅप (आट्या पाडायचं हत्यार) हलकेच फिरवून चुरा काढला. नवीन डिस्कवर पॅकिंगचं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसलं.

स्क्रू परत लावायचे का यावर बरंच बोलणं झालं. कितीतरी मेकॅनिक लावतच नाहीत, आणि वर म्हटलं तसं चालतं. पण चाक काढलं की डिस्क सैल होते आणि डिस्क आणि हबच्या मधे गंजाचे कण शिरून पुढच्या वेळी चाक बसवताना तिरकी बसायची भीती, म्हणून मी लावले. हार्डवेअरवाला स्टेनलेसचे अ‍ॅलन खाचेचे सुचवत होता. मला पटलं नाही, सहाच्या चपट्या अ‍ॅलन स्क्रूला चार मिलिमीटरची चावी लागते, ती खाचही लवकर गोल होते. कंपनीचेच नवीन आणले, सहा बाय चौदा, किंमत किरकोळ. आट्यांना आणि डोक्याच्या शंकूला कॉपरचं अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट, अगदी बोटाला लागेल इतकंच, जास्त लावलं तर फिरताना उडून डिस्कवर जातं. आणि हाताने आवळले. गन नाही.

त्याच ओघात ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ज्यातून जुनं ब्रेक ऑइल बाहेर काढतात तो. ब्रेक ऑइल चहासारखं काळं झालेलं म्हणून बदलायचं ठरलं, आणि निपल हा पोकळ स्क्रू असतो, म्हणून तो मोडतो, इथे इम्पॅक्ट ड्रायव्हरवाली मस्ती चालत नाही. याला उघडा पान्हा लावायचा नाही, सहा कोनी सॉकेट, आधी भोवती हलके ठोके, मग सोडायच्या आधी कणभर आवळायचा, आणि मग सोडायचा. दोन्ही आले. नवीन ऑइल गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर जे डॉट (ऑइलचा प्रकार) लिहिलंय तेच, आणि उघडलेला जुना डबा वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या हवेत तर काय बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅफिक नसताना नवीन पॅड डिस्कवर घासून जुळवून घेतले, साठच्या स्पीडवरून पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं चालवून थंड करायचं, असं बऱ्याच वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उठतो आणि पुन्हा थरथर. आता चोर्ल्याला स्टिअरिंग एका हाताने धरता येतं.

मागचे ड्रम राहिलेत, ते चवथीनंतर. त्यांनाही बाहेर ढकलायची तशीच आठची भोकं आहेत, बोल्ट जपून ठेवलेत. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की ड्रम काढायच्या आधी हँडब्रेक सोडलाय ना ते बघ, अर्धे ड्रम त्यानेच अडतात, गंजाने नाही.